पितळेचा निपल

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, पुंडलिकराव व गजानन या बंधूंची पाणबुडी मोटार बोअरमध्येच निवर्तली असून, अंत्यदर्शनासाठी तिला कडुनिंबाखाली ठेवण्यात आले आहे.

हे शब्द शेषरावभाऊंचे. बार्शीटाकळीकडच्या आमच्या भागात मोटारी काढणं आणि सोडणं हे त्यांचं काम, आणि प्रत्येक जळालेल्या मोटारीसाठी ते असंच जाहीर करत. चेन-कप्पीवरून मोटार वर आली की ते टोपी काढत. इतरांनीही काढावी अशी अपेक्षा असे. मग पाइपाचा गंज नखानं खरवडून हुंगत आणि बोअरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखत. आमच्याकडचं पाणी मचूळ. ते चाखून आनंद व्हावा असं त्यात काही नाही. शेषरावभाऊंना होत असे.

गंजावर त्यांचं एकच भाषण होतं, आणि ते चहा येईपर्यंत पुरायचं. "लोखंड एकटं पाण्यात बसलं तं सावकाश गंजते. बाजूले पितळ बसवलं, का पितळ चमकत राह्यते अन् लोखंडाले कुरतडून टाकते." म्हणून पाइप आणि निपल, म्हणजे मोटारीला पाइप जोडणारा तो वीतभर तुकडा, एकाच धातूचे असावेत, शिवाय मोटारीच्या उघड्या लोखंडाला जस्ताचा गोळा घट्ट आवळावा. पाणी आधी जस्त खातं, तोवर लोखंड वाचतं. "माह्या हातून आजवर पितळ लोखंडाले भेटलं नाई," हे ते अनोळखी माणसालाही सांगत. एका लग्नात त्यांनी ते नवरदेवाला सांगितलं होतं.

पुंडलिकराव थोरले, गजानन धाकटा. दोघांचा वांग्याचा मळा आणि त्यावर एकच बोअर. माझं शेत त्यांच्या धुऱ्याला लागून. पाणी कमी पडू लागलं, तसं गजानन आपल्या पाळीपलीकडे मोटार चालवतो असं थोरला म्हणू लागला, आणि थोरल्यानं पाइपच हलका आणला असं धाकटा. मोटार जळाली तोवर बोअर वेगळी, मळा वेगळा, चूलही वेगळी करायची, इथवर गोष्ट आली होती. वांगी तेवढी दोघांचीही सुकत होती.

शेषरावभाऊंनी टोपी काढली, गंज हुंगला. पाइप वरपर्यंत खणखणीत होता. निपलाला लागून मात्र त्याची चाळणी झाली होती. पाणी तिथूनच परत बोअरमध्ये पडत होतं, आणि मोटार दिवसभर फुकट राबून जळाली होती. निपल पितळेचा होता. सोन्यासारखा चमकत होता.

तो गजाननानं अकोल्याहून आणला होता. शेषरावभाऊंनी नको म्हटलं, तरी थोरला लेकीकडे अमरावतीला गेला असताना त्यानं तो दुसऱ्याच माणसाकडून बसवून घेतला. मला ठाऊक होतं, कारण बसवण्याआधी त्यानं तो कौतुकानं मलाच दाखवला होता. आता तो कडुनिंबाकडे बघत होता.

"हा कोनं टाकला?" पुंडलिकरावांनी विचारलं.

शेषरावभाऊंनी एकदा गजाननाकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते, का हा निपल शेषरावानं टाकला. त्याची अक्कल त्या दिवशी गावाले गेली होती."

नवी मोटार त्यांनीच जस्त आवळून सोडली. दोघा भावांची चूल एकच राहिली. शेषरावभाऊंची गिऱ्हाइकं मात्र अकोल्याच्या मिस्त्रीकडे वळली. हॉटेलात पोरं विचारत, भाऊ, पितळेच्या पेल्यात चहा चालते काय? ते चालते म्हणत आणि पीत. भाषण बंद झालं. लग्नात ते नुसतेच जेवू लागले.

गेल्या हिवाळ्यात शेषरावभाऊ गेले. उन्हाळ्यात तपासणीसाठी भावांची ती नवी मोटार वर काढली. पाइप शाबूत, निपल शाबूत. जस्ताचा गोळा झिजून सुपारीएवढा उरला होता. टोपी कोणी काढायची हे कोणालाच कळेना. शेवटी पुंडलिकरावांनी काढली. गजाननानं जस्ताचा तो तुकडा सोडवून घेतला आणि तळहातावर धरून उभा राहिला.

"दादा, तो निपल म्या आनला होता."

पुंडलिकराव दोर गुंडाळत होते. ते गुंडाळतच राहिले.

"तुह्या तोंडावर दिसूनच राह्यलं होतं, लेका. पन शेषराव एवढ्या हौसेनं लबाड बोलून राह्यला होता, मी मधात काहून बोलू?"