नवं मेल ॲप आणि माझी जाऊ

मंडळी, आज सकाळी माझ्या काळजाचं पाणी झालं होतं.

मी शुक्रवार पेठेत घरीच बसून चादरींची डिझाइन्स करते. कॉम्प्युटरमधलं जुनं मेल ॲप बंद झालं, म्हणून माझ्या धाकट्या जावेनं, मनीषानं, काल नवीन बसवून दिलं. सगळी बटणं नव्या जागी, त्यामुळे मी जरा कुरकुरतच होते.

आज एका कारखानदारांसाठी खास केलेली मोराची नक्षी पाठवायला घेतली. नावाची दोनच अक्षरं टाइप केली, ॲपनं पत्ता सुचवला आणि मी न वाचता मेल पाठवला. मग नाव दिसलं. ते दुसऱ्याच कारखानदारांचं होतं. एकाचं डिझाइन दुसऱ्याच्या हातात गेलं, तर या धंद्यात पुन्हा कोण विश्वास ठेवणार?

"मनीषा, मेल भलत्यालाच गेला गं," एवढंच मी बोलले.

ती भाकरी तव्यावर सोडून धावत आली. "ताई, खाली बघा की. परत घ्यायचं बटण हाय." तिनंच ते दाबलं आणि मेल जसाच्या तसा समोर उघडला. तो अजून गेलाच नव्हता.

"पाठवलेला मेल थोडा वेळ थांबवायची सोय हाय यात. मी कालच चालू करून ठेवली," ती म्हणाली. "घाईत तुमी पत्ता वाचत न्हाय, मला ठावं हाय."

ॲप लई चांगलं आहे, हे मी आता मान्य करते. पण माझा स्वभाव ओळखून ती सोय चालू करणारी जाऊ मला त्याहून आवडली. तुमच्या घरात असं न बोलता सांभाळून घेणारं कोण आहे?