तपासणीपुरता चालक

पोलीस सेवेतले बरेच अपघात आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. शिरूर-चौफुला रस्त्यावरचा एक तेवढा वेगळा राहिला.

सणसवाडीहून माल घेऊन निघालेल्या ट्रकने खुटबावच्या एका शेतकऱ्याच्या दुचाकीला मागून धडक दिली आणि पुढे जाऊन तो बाभळीवर आदळला. शेतकरी जागीच ठार झाला. चालक पळाला. दुपारी मालकाने चालक ठाण्यात हजर केला. साठीच्या आसपासचा, सहा फुटी माणूस. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. सगळे त्याला मामा म्हणत.

शंका घ्यायला जागा नव्हती. त्याच सकाळी, अपघाताआधी, शिरूरजवळ परिवहन विभागाने रस्त्यावर वाहनतपासणी लावली होती. हा ट्रक त्यातून निर्दोष सुटला होता आणि नोंदीत चालक म्हणून मामांचेच नाव होते. मामांनी गुन्हाही कबूल केला. निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा दाखल झाला. त्या वयात तुरुंग समोर होता.

संध्याकाळी ठाण्यात एका ट्रकचालकाचा फोन आला. नाव सांगायला तयार नव्हता.

"साहेब, मामा लांबची गाडी चालवत न्हाईत. चेकिंगमधनं पास करून देत्यात आन् म्होरल्या ढाब्यावं उतरत्यात. मामांचं लायसन लय हिंडतंय, मामा हायत तिथंच."

मी मामांना समोर बसवले.

"मामा, धडक कशी बसली?"

"डुलकी लागली, साहेब."

"त्याआधी कुठे थांबला होता?"

"कुठंच न्हाई."

ब्रेक, इंडिकेटर, वायपर, मागची रिफ्लेक्टर पट्टी, अग्निशामक नळकांडे यांबद्दल ते न अडखळता बोलत. अपघाताच्या जागी रस्ता वळणाचा होता की सरळ, हे मात्र त्यांना सांगता येईना.

ट्रक क्रेनने ओढून ठाण्याच्या आवारात आणला होता. चालकाची पुढे ओढून घेतलेली सीट धडकेने होती तिथेच अडकली होती, हलत नव्हती. मी पंचांसमोर मामांना केबिनमध्ये चढायला सांगितले. ते बसले. गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. क्लचवर पाय ठेवता येईना.

हवालदार खालून म्हणाला, "मामा, सकाळी गाडी चालवलीत आन् सांजपातूर उंची वाढली का काय?"

मामा हसले नाहीत. उतरताना त्यांनी दरवाजा घट्ट धरला होता.

"ते चालक पोरगं बुटकं हाय," ते म्हणाले. "सलग गाड्या मारून त्याचं डोळं तांबडंलाल. तसा त्याला चेकिंगम्होरं उभा केला तर गाडी अडकती. म्हणून मी बसतो. गाडी पुसायची, दिवं बघायचं, कागद लावायचं आन् सायबांशी बोलायचं, एवढंच माझं काम."

"मग गुन्हा का अंगावर घेतला?"

"मालक म्हनले, कागदावं तुमचंच नाव हाय, म्हंजी तुम्हीच. लगेच जामीन व्हतो म्हनले."

"आणि शिक्षा?"

"त्ये न्हाई बोलले."

खरा चालक सणसवाडीत भाड्याच्या खोलीत सापडला. परप्रांतीय, विशीतला. परवाना त्याच्याकडेही होता. झोप नव्हती. मामांवरचा मृत्यूचा आरोप निघाला. खोटी माहिती दिल्याबद्दल ते मालकासोबत न्यायालयात उभे राहिले. मालकावर त्या चालकाला तशा अवस्थेत गाडीवर पाठवल्याचाही आरोप ठेवला.

तपासणीसाठी ट्रक तयार करणे गैर नाही, ते व्हायलाच हवे. इथे चालकही तयार केला जात होता आणि तपासणी संपताच तो उतरत होता. पुढे नाकाबंदीत कागद हातात घेण्याआधी मी चालकाला एकच विचारत असे: शेवटचा कधी झोपलास? उत्तर बहुधा खोटे असे, पण ते देताना माणसाचा चेहरा जवळून पाहता येई.

तो मुलगा कोठडीत आल्याबरोबर झोपला. हवालदाराने जेवणासाठी हलवले तेव्हा दचकून उठला, खिशात कागद चाचपू लागला आणि म्हणाला, "कौन सा नाका है, साहब?"