चंदेरी तंबू आणि आतली कडी

आमच्या मंडळात गणपतीच्या जेवणाला एक गोष्ट दरवर्षी सांगितली जाते. करोल बागेत भल्याभल्यांना घाम फोडणारा फरीदाबादचा सीटकव्हरवाला पहाडातल्या एका चौकीदाराकडून हरला, अशी ती गोष्ट. सांगणारे बदलतात, मीठमसाला वाढत जातो. गेल्या वर्षी तर मी चौकीदाराच्या पाया पडलो, इथपर्यंत मजल गेली. भाजीवाल्याने सांगितलेला भाव जे आयुष्यभर मुकाट्याने देत आले, ते लोक पंगतीत बसून माझ्यावर हसतात. मी कुणाच्या पाया पडलो नाही. काय झालं ते मीच एकदा लिहून ठेवतो.

आधी माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी फरीदाबादला आलो तो दुसऱ्याच्या कारखान्यात रेक्झिन कापायला. पुढे दोन मशीन घेतली, मग सहा झाली. नव्वदनंतर दर सहा महिन्यांनी नवी गाडी बाजारात यायला लागली आणि स्कूटरवर चौघांचं कुटुंब बसवणारा माणूस कर्ज काढून चारचाकी घ्यायला लागला. दिल्लीची रीत अशी की सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक जितके दिवस टिकेल तितके दिवस ठेवायचं, आणि ते फाटलं की त्याच आठवड्यात कव्हर चढवायचं. त्या रीतीवर माझं घर उभं आहे. माल करोल बागेतल्या दुकानांना जायचा आणि तिथे रोज भाव करावा लागायचा.

तिथली एक विद्या मला चांगली साधली होती, ती म्हणजे उठण्याची. भाव पटला नाही की उठायचं. चेहऱ्यावर राग नको, कंटाळा हवा. चपला घालायच्या, बाहेर पडायचं आणि मागे वळून बघायचं नाही. साधारण तिसऱ्या दुकानाशी हाक येते, ‘अरे भाईसाहब, सुनो तो.’ वळून बघितलं तर गेलं सगळं. हाक आली की अर्धं काम झालं. मात्र एक पथ्य आहे. उठणाऱ्याकडे जायला दुसरी जागा हवी, आणि ती आहे हे समोरच्याला दिसायलाही हवं.

आता बायकोबद्दल. लग्नानंतर सतरा वर्षं तिने काही मागितलं नव्हतं. मग मुलं हॉस्टेलला गेली आणि एके दिवशी तिने सांगितलं की तिला पहाडात चालत जायचं आहे. गढवालमध्ये एक उंचावरचं गवताळ कुरण आहे. तिथून पहाटे हिमशिखरं इतकी जवळ दिसतात, की हात लावावासा वाटतो, असं शेजारणीने तिला सांगितलं होतं. जायला सहा दिवस, यायला चार. वाटेत गावोगावच्या लोकांनी बांधलेल्या दगडी खोल्या आहेत, तिकडे त्यांना पडाव म्हणतात. दोन खोल्या, पाटीच्या दगडाचं छप्पर, रजया आणि एक चौकीदार.

तिची अट एकच होती. रोज डोक्यावर छप्पर हवं आणि दाराला आतून कडी हवी. कापडाखाली ती झोपणार नाही.

हा हट्ट कुठून आला ते मला ठाऊक होतं. आम्ही नव्या सेक्टरमध्ये प्लॉट घेतला तेव्हा तिथे आकडे घातलेले दगड आणि बाभळी याखेरीज काही नव्हतं. विटा आणि सळया रातोरात गायब व्हायच्या, म्हणून आम्ही विटांच्या ढिगाला ताडपत्री बांधून तिथेच राहिलो. अकरा महिने. दाराच्या जागी चादर होती. मी सकाळी कामावर जायचो आणि ती दोन लेकरं घेऊन त्या ताडपत्रीत बसायची, हाताशी सळई ठेवून. मे महिन्यातल्या एका आंधीत ताडपत्री उडून पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलत नाही. फक्त घराला दार बसलं त्या दिवशी तिने आतून कडी लावली आणि बराच वेळ उघडली नाही. मी बाहेर सुताराशी हुज्जत घालत उभा होतो.

मी शब्द दिला. छप्पर मिळेल, कडी मिळेल. आणि मग गुपचूप तंबू शिवला.

यात फसवाफसवी काय होती ते मला कुणी सांगावं. तंबू झोपायला नव्हताच, दाखवायला होता. पहाडात दिवसभराच्या वाटेवर एकच पडाव असतो. चौकीदाराला माहीत असतं की तुम्हाला दुसरीकडे जायला जागा नाही. मग तो म्हणेल तो भाव, गरम पाण्याचे वेगळे, रजईचे वेगळे. मी असा हात बांधून कुणासमोर उभा राहिलेलो नाही. तंबू सामानाच्या खेचरावर दिसला की आपल्याला उठता येतं. उभी गाडी झाकायची आवरणं शिवतो ते चंदेरी कापड माझ्याकडे पडलेलं होतं, पावसाचा थेंब आत येऊ न देणारं. दुहेरी शिलाई घातली, काठ्या बसवल्या आणि गाठोडं बांधलं.

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती, तीही इथे लिहितो. त्या कुरणावर पडाव नाही. शिखरं दिसतात ती पहाटे, आणि पहाटे तिथे असायचं तर तिथेच कापडाखाली राहावं लागतं. मला वाटलं, पाच दिवसांत तिचा सूर बदलेल. गिऱ्हाईक दुकानात आल्यावर पुढचं पुढे बघता येतं.

तंबू तिला पहिल्याच दिवशी खेचरावर दिसला.

‘हे काय आणलंय?’

मी सांगितलं, भावासाठी आहे. तिने गाठोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चालायला लागली. पण पहिल्या तीन पडावांवर माझं म्हणणं खरं ठरलं. अंगणात गाठोडं सोडायचं, चंदेरी कापड झटकायचं आणि काठी ठोकायला दगड शोधायचा. तेवढ्यात चौकीदार भावात खाली यायचा. एकाने तर चहा फुकट पाजला. त्याला वाटलं, वर गाडी न्यायचा रस्ता झाला आणि आम्ही गाडी झाकायला कापड आणलं. ही हसली, मीही हसलो. त्या तीन रात्री मी तिला छप्पर दिलं, कडी दिली, तेही माझ्या भावात. मंडळातल्या गोष्टीत हे तीन दिवस कधीच येत नाहीत.

चौथा पडाव देवदारांच्या मधे होता. चौकीदार साठीचा, लोकरीची टोपी घातलेला, अंगणात बसून राजमा निवडत होता. त्याने भाव सांगितला. मी अर्धा सांगितला. त्याने मान हलवली आणि निवडत राहिला. मी म्हटलं, आमच्याकडे तंबू आहे. गाठोडं सोडलं, कापड झटकलं.

त्याने नीट पाहिलं, कापड बोटांत धरून बघितलं आणि म्हणाला, ‘बढ़िया है जी. उधर लगा लो, चश्मे के पास ज़मीन सीधी है.’

यात कुठेही टोमणा नव्हता, हेच मला सहन होत नाही. माणूस चिडला, हसला, भांडला तर त्याच्याशी काही करता येतं. हा मला झऱ्याजवळची सपाट जागा दाखवत होता. मी गाठोडं खेचरावर टाकलं, कंटाळ्याचा चेहरा केला आणि उठलो. बायकोला म्हटलं, चल. ती उतारावरून माझ्यामागे आली. तिचा गुडघा त्या दिवशी दुखत होता, तिने सकाळीच सांगितलं होतं. मी कान मागे लावून चालत होतो. हाक येईल. वळण आलं, हाक नाही. ओढ्यावरची फळी आली, हाक नाही. मागे वळून बघणं मला शक्यच नव्हतं.

मग बायकोच्या पावलांचा आवाज थांबला.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘तो बोलावणार नाही.’

मी म्हटलं, अजून शंभर पावलं चल.

‘अकरा महिने मी तुमच्या ताडपत्रीत काढले. तेव्हा दुसरी जागा नव्हती. आज आहे, ती बघा तिथे, धूर निघतोय तिच्यातून. तुम्ही भाव करा. मी झोपायला जाते.’

आणि ती वळली आणि वर गेली. आवाज चढला नव्हता. भांडली असती तर मी जिंकलो असतो, इतकी वर्षं मीच जिंकत आलो होतो. खेचरवाला माझ्याकडे पाहत राहिला, मग तोही खेचर वळवून तिच्यामागे गेला. माझं गाठोडं त्या खेचरावर होतं, म्हणून मलाही वर जावं लागलं. मी हरून परत गेलो असं जे सांगतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं, मी गाठोड्यासाठी परत गेलो.

चौकीदाराने तिला आधी सांगितलेलाच भाव सांगितला, एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. वर चुलीजवळची जागा दिली आणि गुडघा शेकायला गरम मिठाची पुरचुंडी. त्याने दार माझ्यासाठीही उघडं ठेवलं होतं. मी चश्म्याजवळ तंबू लावला. जमीन खरंच सपाट होती. उजेड होता तोवर मी पडावाच्या दाराकडे बघत होतो. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला. लोखंडाचा, स्पष्ट.

तंबूबद्दलही खोटं पसरवलं गेलं आहे. तो गळला नाही. त्या रात्री पाऊस झाला आणि बाहेरचा एक थेंब आत आला नाही. जे ओलं झालं ते आतून झालं. गाडी श्वास घेत नाही, माणूस घेतो, हे त्या कापडाला माहीत नव्हतं. माझाच श्वास वर जाऊन थंड होऊन माझ्यावर टपकत होता. शिलाईत दोष नव्हता.

सकाळी बायको पायरीवर बसून चहा पीत होती. तिने माझ्या ओल्या स्वेटरकडे पाहिलं आणि तिचा पेला मला दिला. मला वाटलं, मिटलं. म्हणून तिथेच मी कुरणाचं सांगून टाकलं, की वर पडाव नाही, एक रात्र तंबूत काढावी लागेल, म्हणजे पहाटे शिखरं दिसतील.

तिने पेला माझ्या हातून परत घेतला. मग विचारलं, ‘हे तुम्हाला फरीदाबादला माहीत होतं?’

मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं असतं. आजही वाटतं, बोलायला हवं होतं.

‘मग मी त्याच दिवशी जाऊन परत येईन,’ ती म्हणाली.

मी सगळे मार्ग वापरले. कापडाला वरून भोकं पाडतो म्हटलं, रजई उचलून नेऊ म्हटलं, मी बाहेर बसून पहारा देतो म्हटलं. हा शेवटचा देकार मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता. ती ऐकून घेत होती आणि चालत होती. पुढच्या पडावावर भावाचं तीच बोलली आणि मी खेचरवाल्याबरोबर उभा राहिलो.

शेवटच्या पडावावरून आम्ही अंधार होता तेव्हाच निघालो, पण तिच्या गुडघ्याने चढ सावकाश झाला. कुरणावर पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते आणि समोर पांढऱ्या ढगांची भिंत होती. मेंढपाळाने सांगितलं, सात वाजेपर्यंत सगळं लख्ख होतं. आम्ही तासभर बसलो. एकदा ढग जरासा फाटला आणि बर्फाचा एक तुकडा दिसला, घराच्या दाराएवढा. लगेच मिटला. ती म्हणाली, ‘गवत छान आहे.’ मला त्या ढगांना शिव्या घालायच्या होत्या. घातल्याही, मोठ्याने, मेंढ्या दचकल्या.

परतीच्या वाटेवर चौथ्या पडावाशी आलो तेव्हा तो टोपीवाला अंगणातच होता. माझा सगळा राग त्याच्यावर साचला होता. बोलावलं असतं तर रात्र सरळ गेली असती, बायको माझ्यामागे चालत राहिली असती, कदाचित वर एक रात्र राहिलीही असती. मी त्याला विचारलं, त्या दिवशी हाक का मारली नाही?

तो खरोखर गोंधळला. म्हणाला, ‘क्यों बुलाता जी? आप जा रहे थे.’

करोल बागेत हे वाक्य कुणी बोललं तर त्याचं दुकान बंद पडेल. आजही मला त्याचा संताप येतो. जाणारा माणूस खरंच जातोय असं समजायचं, ही कुठली पद्धत?

बायको मंडळात ही गोष्ट ऐकून सगळ्यांबरोबर हसते. कुरणाचं मी तिच्यापासून लपवलं होतं, हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चौकीदाराच्या गोष्टीवर मी भांडू शकतो, दरवर्षी भांडतो. या दुसऱ्यावर कुणी भांडायला येतच नाही.

तंबू उसवून त्याचं कुलरचं झाकण केलं. हिवाळ्यात गच्चीवर ते चमकतं. मधल्या काळात मी तिला तीनदा विचारलं, पुन्हा कुरणावर जाऊ या का. तिसऱ्यांदा ती म्हणाली, वर पडाव झाला की सांगा. मी तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या गावच्या पोस्टाच्या पत्त्यावर पत्र टाकतो, पडाव बांधायला घ्या, दाराचा आणि आतल्या कडीचा खर्च माझा. उत्तर येत नाही. मी भाव सांगितलेला नाही, आणि उठलेलोही नाही.