आठाचं शून्य

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी घरात ख्याती आहे. अशा माणसाने एखादी गोष्ट इतकी वर्षं गिळून ठेवली, यावरूनच ती कसली असेल ते ओळखा.

आमच्याकडे साखरपुडा असो की बारसं, जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "वसंतकाका, ती आठाच्या शून्याची सांगा." आणि मी सांगतो. ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये आम्ही केमिकलवाल्यांसाठी तापमान दाखवणारे डबे बनवायचो. लाल आकडे. एकेक आकडा सात काड्यांचा, एकेक काडी म्हणजे बारीकसा दिवा. सातही पेटल्या की आठ. मधली विझली की शून्य. पूर्ण उजेडात सगळ्या सारख्या दिसायच्या. पण डोळ्यांना टोचतं म्हणून पॅनेलवरच्या माणसाने बटण फिरवून उजेड मंद केला, की एखादी काडी बाकीच्यांच्या आधीच डोळे मिटायची. मग मी — म्हणजे गोष्टीतल्या मीने — प्रत्येक काडीला वेगळा ट्रान्झिस्टर दिला, प्रत्येकीला सारखाच करंट, आणि मंदातल्या मंद उजेडातही आठ आठच राहिला. इथे मी चष्मा पुसतो. तो पुसायची गरज नसते.

गोष्ट खोटी नाही. फक्त तिच्यातून एक माणूस मी काढून टाकलाय.

हेमा. तारापूरकडच्या कोळीवाड्यातली, विशी-बाविशीची, आमच्याकडे सोल्डरिंगला होती, म्हणजे तारा जोडायला कथलाचे डाग द्यायची. आई सुकट विकायची. हेमाने घरी सांगून टाकलं होतं, आता मी टोपली डोक्यावर घेणार नाय. त्या घरातली कारखान्यात लागलेली ती पहिलीच.

आणि मी तपासनीस. प्रत्येक डबा आधी ट्यूबलाइटखाली, मग कपाटाएवढ्या अंधाऱ्या खोलीत उजेड मंद करून तपासायचा, असा नियम. त्या खोलीत पंखा नव्हता. मला घाम फार येतो हो — एवढंच कारण. मी ट्यूबलाइटखाली बघायचो आणि 'तपासले' असा शिक्का मारायचो. शिक्का मात्र अगदी सरळ मारायचो.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने हाक मारली. जेवणाचं फडकं एका डब्यावर टाकून ती आत बघत होती.

"वसंतभाऊ, बगा जरा. बत्ती कमी केली का ही मधली काडी मरते."

मी वाकलो. फडक्याखाली एकशे ऐंशीचे शंभर झाले होते. काय म्हणालो मी? म्हणालो, पूर्ण उजेडात चालतंय ना, मग झालं.

"पूर्ण उजेडात कोण बगत बसतंय, भाऊ?"

"तू डाग दे. तपासायचं मी बघतो."

आणि त्याच डब्यावर मी शिक्का मारला.

महिन्याभरात तो डबा परत आला. पॅनेलवरच्या माणसाने एकशे ऐंशीला शंभर वाचलं आणि वाफ वाढवत राहिला; सगळा माल उतू गेला. कोणी भाजलं नाही हे नशीब — माझं नव्हे, त्यांचं. शेठने डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. मी भिंगातून एकेक डाग पाहिला. एकही कच्चा नव्हता. हे लिहून ठेवतो, कारण इथूनच पळवाट काढायचा मला मोह होतो: मला शंका नव्हती, घाईही नव्हती. मला नीट माहीत होतं.

शेठने हेमाला बोलावलं.

"डाग पक्के हायत, शेठ. काडी मरते, ते मी वसंतभाऊंना दाखवलेला. विचारा त्यांना."

शेठ माझ्याकडे वळला. "ही म्हणते ते खरं असेल तर हिला ठेवतो. बोल."

गप्प राहता आलं असतं, नाही? तेवढाही भित्रेपणा मला पुरला नाही. मी म्हणालो, "मला काही दाखवलेलं आठवत नाही. डाग कच्चे आहेत."

"भाऊ, तुमी फडक्याखाली वाकलेलात," ती म्हणाली. विसराळू माणसाला आठवण करून द्यावी तसं, हळू. मी खरंच विसरलोय असंच तिला वाटलं असावं. मी भिंग पुसत राहिलो.

ती संध्याकाळच्या पाळीच्या बसने गेली, ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तोच डबा घेऊन पंखा नसलेल्या खोलीत बसलो आणि तिने दाखवलेल्या काडीपासून सुरुवात केली. दोन महिन्यांत सर्किट बदललं. शेठने सगळ्यांसमोर पाठ थोपटली, मला साहेब केलं, माझ्या टेबलावर टेलिफोन दिला.

त्या वर्षात दोन कारखान्यांतून तिच्याबद्दल विचारणा झाली. पोरगी कामाला कशी आहे, घ्यावी का? दोन्ही फोन मीच उचलले.

मी सांगितलं, डाग कच्चे देते.