मैदानातून गेलेलं वळण

नगररचना खात्यात त्यांना सगळे पट्टीसाहेब म्हणत. रस्ता आखायच्या आधी ते स्वतः त्या जागेवरून चालून येत, आणि बिल्डरचा चहासुद्धा घेत नसत. या न घेतलेल्या चहाचा त्यांना भारी अभिमान. घरी पाहुणे आले की विषय निघायचाच. सुनेला ते सगळं तोंडपाठ झालं होतं, तरी ती कौतुकाने ऐकायची.

मग नव्या रस्त्याचा आराखडा आला. सरळ ओढलेली रेघ नेमकी नियोजन समितीच्या सभापतींच्या गोदामावरून जात होती. सभापतींनी धमकी दिली असं काही म्हणता येणार नाही. खांद्यावर हात ठेवून ते एवढंच म्हणाले, "बघा जरा, साहेब. निवृत्तीला आलात, आता कशाला बदली ओढवून घेता?" पट्टीसाहेबांनी बघितलं. रेघ गोदामाला वळसा घालून शाळेच्या मैदानातून गेली. त्यांची नात त्याच शाळेत होती. या वेळी ते जागेवर फिरकले नाहीत.

हरकतींच्या सुनावणीला पालकांनी सभागृह भरून टाकलं. पुढच्याच रांगेत सून. "आमचे बाबा आडपडदा ठेवणार नाहीत," असं तिने सगळ्यांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. मुख्याध्यापिका उठल्या. "साहेब, रस्ता इथेच का वळतो, तेवढं सांगा."

पट्टीसाहेबांनी समोरचा नकाशा सरळ केला. "तांत्रिक कारण आहे," ते म्हणाले.

मागे गलका झाला, बायका उठून उभ्या राहिल्या. "कसलं डोंबलाचं तांत्रिक!" कुणीतरी ओरडलं. तेव्हा सून उभी राहिली. "अहो, बाबा म्हणताहेत म्हणजे असणारच कारण. मी घरात बघते ना, त्यांना खोटं बोलणं जमतच नाही."

हळूहळू एकेक बाई खाली बसली. काहीजणींनी तर हरकत मागे घेतली. उठून खरं सांगून टाकावं असं पट्टीसाहेबांना वाटलं, पण ते मान खाली घालून नोंदी करत राहिले. सुटलो बुवा, असंही मनात येऊन गेलं, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी सुनेने ताटं घेतली. "बाबा, ते तांत्रिक कारण मला नीट समजावून सांगा ना. उद्या शाळेच्या फाटकाशी सगळ्याजणी मलाच विचारणार."

पट्टीसाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. "तिथे सभापतींचं गोदाम आहे," ते म्हणाले. "दुसरं काही कारण नाही."

सुनेच्या हातातला डाव तसाच राहिला. "पैसे घेतलेत तुम्ही?"

"छे! कपभर चहासुद्धा नाही." बोलताना सवयीने तोच जुना अभिमान आवाजात आला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 सुनेने डाव पातेल्यात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "त्या सगळ्यांना खाली मी बसवलं."