अंधारातला कोट

नाटक कंपनीत सगळे तिला टिच म्हणत. टिचबटणातली टिच. कपडेपट तिच्या हाती येऊन इतकी वर्षं लोटली होती की तिच्याइतक्या जुन्या तिथे दोनच गोष्टी होत्या, रंग उडालेला निळा पडदा आणि मोठ्या बाई. बाई म्हणजे कंपनीची मुख्य नटी. त्यांना जुनं म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

टिच लहानपणापासूनच जराशी निराळी. कॉलर मानेला टोचली की ही शाळेतून थेट घरी. घरात दोघं एकदम बोलले की हिचे कानांवर हात. ‘भारी नखरे बाई हिचे,’ म्हणून आत्या नाक मुरडायची. आईला मात्र युक्ती सापडली होती. लेक बिथरली की तिला गादीत घट्ट गुंडाळून वळकटी करायची आणि शेजारी बसून निवांत भाजी निवडायची. थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, “आता काढ.”

मोठेपणी गादीची जागा कोटांनी घेतली. कपडेपटाच्या खोलीत जाड लोकरी कोटांची एक लांबच लांब रांग टांगलेली असे. डोकं भणभणलं की टिच त्या रांगेत शिरायची, दोन्हीकडून वजन अंगावर घ्यायची आणि उभ्या उभ्या अर्धवट झोपायची. बाहेर तालमीचा गोंधळ चालू असे. आत तिला वाटे, आपण खोल पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वरून होड्या चालल्यात. कोणी शोधत आलं की कोटांखाली तिच्या चपला तेवढ्या दिसत. लोक चपला बघून परत जात.

तिची खरी ऐट विंगेतली. नाटकाच्या मध्यावर रंगमंचावर मिट्ट काळोख होई, बाई तरुण मुलीच्या झग्यात विंगेत येत, पेटीवर एक सूर वाजत राही, आणि उजेड येई तेव्हा त्याच बाई म्हातारीच्या लांब कोटात खुर्चीवर बसलेल्या असत. मधला सगळा कारभार टिचचा. बॅटरी नाही, बोलणं नाही. झग्याचे हूक काढायचे, कोट चढवायचा, खालून वर एकेक टिचबटण बोटांनी शोधून दाबायचं. बाई डोळे मिटून उभ्या राहत. काळोखात, कापडांच्या सळसळीत, टिचला जगात काही खुपत नसे. सगळं जग तेव्हा बोटांच्या टोकांएवढं होई.

मग पंचेचाळिशी उलटली आणि सगळंच बिनसलं. झोप उडाली. बसल्या जागी पोटातून भट्टी पेटल्यासारखी कढत लाट उठे आणि कानशिलांपर्यंत चढे. कोटांत शिरावं तर जीव गुदमरे. जन्मभर जे औषध होतं त्याचाच आता जाच झाला. दिव्याची गुणगुण, इस्त्रीची फुसफुस, सगळं डोक्यात घुसायला लागलं. एकदा बिस्किट कुरुमकुरुम खाल्लं म्हणून ती नायकावर अशी कडाडली, की तो बिचारा पुढे कित्येक दिवस जिन्याखाली उभा राहून बिस्किटं चहात बुडवून खात असे.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एका प्रयोगाला ऐन बदलात ती लाट आली. त्यातच मागे कुणी दोघं कुजबुजली. टिचची बोटं भरकटली आणि एक बटण सोडून वरचं दाबलं गेलं. उजेड आला तेव्हा म्हातारीची कॉलर कानाखाली चढलेली. म्हातारी मरते त्या प्रवेशाला लोक खदखदून हसले.

व्यवस्थापक गोड बोलणारा माणूस. म्हणाला, “ताई, पुढच्या प्रयोगाला पुन्हा असं झालं, तर बदलाचं काम इस्त्रीवालीकडे देऊ. तुम्ही जरा आराम करा.”

आराम म्हणजे काय ते टिचला चांगलं कळलं. विंग गेली की तिच्याकडे उरणार होते ते नुसते कपडे. ती स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडली.

टिचच्या मुलीने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी घाई न करता सगळं ऐकलं, अगदी वळकटीसुद्धा, आणि पुढच्या भेटींमध्ये बरंच काही विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “तुम्हाला ऑटिझम आहे. जन्मापासूनच. आवाज, उजेड, स्पर्श तुमच्यापर्यंत न गाळता पोहोचतात. ते तुम्ही आपल्या युक्तीने सांभाळलंत. आता पाळी जायची वर्षं आलीत, शरीर आतून वरखाली होतंय, म्हणून जुन्या युक्त्या पुऱ्या पडत नाहीत. औषधांचं आपण बघू. पण लाट आली की रेटून नेऊ नका. थांबा. मनगटं गार करा, आणि तोंड मिटून हुंकार देत श्वास हळूहळू सोडा.”

“काम चालू असताना कशी थांबू?”

“थांबते म्हणून सांगायचं.”

हे तिला सगळ्यांत अवघड वाटलं. मागणं हा प्रकारच तिला जमत नसे. घरी येताना ती एवढंच म्हणाली, “म्हणजे नखरे नव्हते.” लेकीने तिचा हात धरून ठेवला.

पुढचा प्रयोग आला. काळोख झाला, पेटीचा सूर लागला, बाई आत आल्या. हूक सुटले, कोट चढला, खालची बटणं लागली. आणि लाट उठली. बोटं ओली झाली. बटणं कापडात विरघळून गेल्यासारखी सापडेनात. इस्त्रीवाली दोन हातांवर तयार उभी होती, तिचा श्वाससुद्धा टिचला ऐकू येत होता.

टिचने हात काढून घेतले आणि पुटपुटली, “थांबते.”

बदल चालू असताना टिच आजवर कधी बोलली नव्हती. बाईंनी डोळे उघडले असतील, नसतील. टिचने मनगटं मागच्या लोखंडी खांबाला टेकली आणि तोंड मिटून हळू हुंकार सोडला. पेटीच्या सुरात तो मिसळून गेला. पुन्हा एकदा. काळोख लांबला. प्रेक्षकांत कोणी खोकलं. मग तिला जाणवलं, बाईसुद्धा तिच्या लयीत श्वास सोडतायत, अगदी सावकाश, जणू त्यांना कुठे जायचंच नाही. हळूहळू बोटं परत आली. वरची बटणं एकेक करून लागली.

पडदा पडताच व्यवस्थापक धावत आला. “काळोख एवढा का लांबला?”

बाई पटकन म्हणाल्या, “बटण अडलं होतं रे. आणि तुला एवढीच घाई असेल, तर उद्या कोट तू घाल आणि मरूनही तूच दाखव.”

टिचला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण ती बोलली. “बटणं धड होती. मीच थांबवलं. मला मधेच गरम होतं, बोटं सुटतात. थोडं थांबलं की परत येतात. तेवढा काळोख मला द्या.”

व्यवस्थापकाने बाईंकडे पाहिलं. बाई कोट काढत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. “सांगतो दिवेवाल्याला,” तो म्हणाला.

पुढच्या प्रयोगाला लाट आलीच नाही. बटणं भराभर लागली, आणि वाढवून घेतलेला काळोख तसाच शिल्लक राहिला. काही करायचं नव्हतं. दोघी नुसत्या उभ्या होत्या. हा वेळ कुणीतरी आपल्यासाठी राखून ठेवलाय, हे टिचच्या मनात आलं आणि तिचे डोळे भरून आले.

“झालं?” बाईंनी कुजबुजत विचारलं.

“कधीच झालं.”

“मग राहू दे थोडं,” बाई म्हणाल्या.