फुकटचा सांबार

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि तो विकत घ्यायचा असतो हे कोणालाच मान्य नाही. पालक घेतला, वांगी घेतली की पिशवी पुढे येते, "वरून सांबार टाक वो बाई." बाजारात भाजी विकताना मीही वर्षानुवर्षं टाकला. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नेमकं त्यावरच बोट ठेवलं. इटियाडोह धरणाचं पाणी सुटणार होतं, उन्हाळी धान लावायचं चाललं होतं. "घरामागच्या वाडीतले सांबाराचे वाफे मोडून टाकतो," ते म्हणाले. "सोमवारी ट्रॅक्टर येऊन राहिला. त्याच्यातून येते काय तुले?"

फार झोंबलं, कारण खरं होतं. धने रगडायचे, पेरायचे, बादलीनं पाणी द्यायचं, खुरपायचं, पहाटे धानाच्या तणसानं जुड्या बांधायच्या. कंबर माझी मोडायची आणि सांबार जायचा फुकट. पण त्या घरात माझ्या मर्जीनं चालणारी तेवढीच जागा होती. ती मी सोडणार नव्हते.

शनिवारी नवेगावच्या बाजारात आमच्या ओळीतल्या भाजीवाल्या बायांना सांगितलं, "आजपासून वरून काही नाही. दहाला जुडी."

शेजारची म्हातारी घाबरली. "गिऱ्हाईक पळल ना."

"पळू दे. पळून जाईल कुठं? आपल्याच ओळीत ना!"

पहिलेच आले शाळेतले गुरुजी. पालक घेतला, पिशवी उघडीच धरली. मी पालकाचे पैसे मोजून घेतले.

"सांबार?"

"दहा रुपये."

"काऊन? सांबार तर वरूनच भेटते."

"गुरुजी, तुमी पगारावर गणित शिकवता. वरून कोणाचे धान फुकट कापून देता काय?"

ते तणतणत पुढे गेले. म्हातारीपुढे थांबले, तर तिचा हात सवयीनं सांबाराकडे गेलाच. मी असे डोळे वटारले की तिनं हात पदराखाली घेतला. गुरुजी ओळीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले आणि दोन जुड्या घेतल्या. "माज आला बायाइले," असंही कोणी म्हणून गेलं. आला तर आला! सगळा सांबार काही खपला नाही, पण फुकट एक काडी गेली नाही.

रविवारी दुपारी मामाजी जेवायला बसले. वरणात बोट घालून पाहिलं.

"सांबार काऊन नाही टाकला?"

मी हात पुढे केला. "दहा रुपये, मामाजी."

नवरा जेवता जेवता थांबला. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग बंडीच्या खिशात हात घातला आणि दहाची नोट ताटाजवळ ठेवली. मी जुडी निवडायला घेतली. मागून त्यांचा फोनवरचा आवाज आला.

"उद्या ट्रॅक्टर वरच्या धानाच्या बांधीतच आण, बापू. वाडीत नाही. वाडी सूनबाईची आहे."